मामांची माफी

सत्ता नावाची जी काही चीज या जगात आहे ती सगळीच्या सगळी एका वीतभर फळीमागे मावते, असं मानणारा आणि मग सुताराला बोलावून तशी फळी स्वतःच्या घराला बसवून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. आमचं लग्न ठरताना मुलीकडच्यांनी मला मुलीची उंची, शिक्षण, पत्रिका, आवाज, सगळं दाखवलं आणि ऐकवलं. मामा तेवढे लपवून ठेवले. ते तेव्हा बदलीच्या गावी होते म्हणून जमलं. तुरुंग खात्यात बत्तीस वर्षं काढून, शिपायाचे सुभेदार होऊन १९९८ साली ते रत्नागिरीला परतले, भाट्याच्या पुलापलीकडे चढणीवर जुनं घर होतं ते त्यांनी राहतं केलं, आणि त्या दिवसापासून आमच्या साध्या, गैरशिस्त, सुखी आयुष्यावर पहारा बसला.

मामा दिसायला अजिबात दरारा वाटावा असे नव्हते. बुटके, गोल, कानांवर केस आणि डोक्यावर नाहीत. तुरुंगात त्यांना कैदी कसे घाबरत असतील याचं मला नेहमी नवल वाटायचं. एकदा मी तसं विचारलंही. मामा आरामखुर्चीत पुढे सरकले. "जावई, लोकांना वाटतं भिंत उंच असते म्हणून कैदी आत राहतो. साफ चूक. भिंत ही बाहेरच्या लोकांच्या समाधानासाठी. कैद्याला धरून ठेवतं ते दारातलं भोक. त्यातून कोण कधी बघेल ते त्याला कळत नाही. म्हणून तो चोवीस तास, आपल्याकडे कुणीतरी बघतंय असा वागतो. एकदा का तो तसा वागायला लागला, की मग बघायची गरजच काय?"

"म्हणून बत्तीस वर्षं झोपा काढल्या ह्यांनी," मामी आतून म्हणाल्या.

मामांच्या तत्त्वज्ञानाला मामींचं असं आतून उत्तर येत असे. मामा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. सत्तेनं प्रत्येक आवाजाची दखल घ्यायची नसते, हेही त्यांच्या तत्त्वज्ञानातच बसत होतं.

नोकरी सुटली तरी तुरुंगातल्या सवयी सुटल्या नव्हत्या. त्यांतली पहिली म्हणजे गिनती. तुरुंगात सकाळ-संध्याकाळ कैदी मोजतात त्याला गिनती म्हणतात, आणि मोजणी जुळल्याशिवाय तिथे पान हलत नाही. मामा कुठेही चार माणसं दिसली की मोजत. देवळात मोजत, एसटीत मोजत, बारशाला गेले तर पाळण्यातलं धरून मोजत. माझ्या मेहुण्याचं लग्न सावर्ड्याला होतं. रत्नागिरीहून वऱ्हाडाची गाडी निघताना मामांनी बावन्न माणसं मोजून चढवली. लग्न लागलं, जेवणं झाली, संध्याकाळी परतायची वेळ आली. मामांनी पुन्हा मोजलं आणि गाडी सोडू देईनात. तीनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नाचवत फिरले. ड्रायव्हर वैतागला, म्हाताऱ्या कण्हायला लागल्या. शेवटी मामा दारात उभे राहून म्हणाले, "एक जास्त भरतंय. कोण चढलंय ते मुकाट्यानं सांगा." आणि मग तिसऱ्या बाकावरून, शालूतून, मुंडावळ्यांसकट, नव्या नवरीनं भीत भीत हात वर केला. मामांनी बोट खाली घेतलं. नंतर मला हळूच म्हणाले, "बत्तीस वर्षं कमी भरण्याची भीती शिकवली हो. जास्त भरलं तर काय करायचं ते कुणी शिकवलंच नाही."

दुसरी सवय शिक्षेची. मामांच्या घरात गुन्ह्याला शिक्षा होती, पण ती रागानं कधी होत नसे. आधी एक रात्र जाऊ द्यायची, सकाळी चहा झाल्यावर शिक्षा सुनवायची, आणि सुनवताना ती कधी संपते ते सांगायचं. यावर त्यांचा फार भर होता. बोक्यानं बांगडा पळवला, तर त्याला तीन दिवस ओसरीबंदी. चौथ्या दिवशी सकाळी मामा स्वतः दार उघडून त्याला सन्मानानं आत घेत. मामांच्या हातून मामींची कपबशी फुटली तर मामा स्वतःला दोन दिवस सुपारी बंद करत आणि दोन्ही दिवस तोंड वाईट करून बसत. "शिक्षेला तारीख हवी," ते म्हणत. "शेवट नसलेली शिक्षा म्हणजे शिक्षा नव्हेच ती, नुसता राग. गावं माणसाला वाळीत टाकतात ना, त्यात तारीख कुठे असते? म्हणून वाळीत टाकणारा हाच खरा गुन्हेगार. मी अजून नोकरीत असतो तर आधी गावकीच्या पंचांना आत घेतलं असतं." हे ते गावकीच्या बैठकीतसुद्धा बोलले होते. त्यानंतर त्यांना बैठकीचं बोलावणं आलं नाही, आणि त्यातही तारीख घातलेली नव्हती, याचा त्यांनी खास उल्लेख केला.

तिसरी गोष्ट सवय नव्हे, शब्द आहे. एकदा मी मामांची बॅटरी नेली आणि ती एसटीत विसरलो. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून गेलो आणि म्हटलं, "मामा, माफ करा."

मामांनी गंभीरपणे विचारलं, "किती दिवस?"

मला कळेना. मामीच मदतीला आल्या. तुरुंगात माफी म्हणजे चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस. कुणाला महिन्याची माफी मिळते, कुणाला आठ दिवसांची. बत्तीस वर्षं मामांनी माफी हा शब्द फक्त याच अर्थानं ऐकला होता. नुसतीच, सगळीच्या सगळी, कोरी माफी मागणारा माणूस त्यांना अर्ज अर्धवट भरणाऱ्या माणसासारखा वाटे. मला पाच दिवस त्यांच्या घरचा चहा बंद झाला होता. झाडांना पाणी घातल्याबद्दल दोन दिवस माफ झाले आणि चौथ्या दिवशी सकाळी मामांनी ओसरीवर उभं राहून, "सुटलात. या," असं म्हणत कप पुढे केला. त्या चहाची चव मी अजून विसरलेलो नाही. सुटका झाल्याशिवाय चहा कसा लागतो हे माणसाला कळतच नाही.

आता त्या फळीकडे येतो. मामांच्या घराला लागून पाखाडी आहे, म्हणजे जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची ती आपली नेहमीची चढणीची वाट. तिच्यावरून वरच्या वाडीतली सगळी माणसं ये-जा करतात. मामांच्या आठ हापूसच्या फांद्या या वाटेवर येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात सहज वर जातो. मामांनी कुंपण केलं नाही, पाटी लावली नाही, कुत्रा पाळला नाही. पाखाडीकडच्या खिडकीला त्यांनी सबंध फळ्या ठोकून घेतल्या, मधे तुरुंगातल्या दारासारखं एक भोक ठेवलं आणि त्यावर आतून सरकणारी वीतभर फळी बसवली. बस. महिन्याभरात वाट बदलली. आंब्याला हात लागेना, कचरा पडेना, भांडणं पाखाडीच्या खाली सुरू झाली तर मामांच्या घरापाशी स्थगित होत आणि वर गेल्यावर पुढे चालू होत. मासळीवाली, जिचं माहेर बुरोंडीचं आणि आवाज बुरोंडीहून रत्नागिरीपर्यंत पोचेल असा, तीसुद्धा त्या फळीपुढे पाटी सावरत हळू आवाजात म्हणे, "सुभेदारानू, बांगडं हायत हो. ताजं हायत. बगा नायतर नका बगू."

या फळीला विरोध करणारा एकच माणूस होता. पाखाडीच्या पलीकडे, बरोबर समोर राहणारे मास्तर. विधुर, एकुलता मुलगा नाशिकला. चाळीस वर्षं गणित शिकवलेलं, आणि निम्म्या रत्नागिरीच्या तळहातांना त्यांच्या छडीची ओळख. मी स्वतः त्या निम्म्यात मोडतो. रोज संध्याकाळी पाचला मामा आपल्या बाजूनं आणि मास्तर आपल्या बाजूनं पाखाडीच्या गडग्यावर, म्हणजे कडेच्या दगडी बांधावर, येऊन बसत आणि दिवेलागणीपर्यंत वाद घालत.

"सुभेदार," मास्तर म्हणायचे, "माझी छडी एकदा लागे आणि संपे. मार खाल्लेला मुलगा संध्याकाळी खेळायला मोकळा. तुमचं ते भोक संपतच नाही. त्याच्यापुढून गेलेला माणूस घरी जाऊनही मान खाली घालून जेवतो. यात मारकुटा कोण, तुम्ही की मी?"

"मास्तर, छडीला हात लागतो, हात दुखतो, मुलगा शिव्या देतो. भोकाला काही लागत नाही. माणसं आपली आपण शहाणी होतात."

"शहाणी नाही होत. घाबरट होतात."

"फरक बाहेरून दिसत नाही मास्तर."

"दिसतो. तुम्ही डोळे उघडे ठेवलेत तर."

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी गणपतीच्या आदल्या दिवशी म्हटलं, आणि माझ्या मते तेव्हाच त्यांच्या मनात आलं असावं. साल २००१. गणपतीत घरोघर आरतीला फिरणारी आमची दहा-अकरा माणसं दुपारी पाखाडीवरून उतरत होती. मी होतो, मास्तर होते, मासळीवाली प्रसादाचा द्रोण घेऊन मागून येत होती. पाऊस भुरभुरत होता. मामांच्या फळीपाशी आल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांचे आवाज खाली आले. मास्तर थांबले. त्यांनी छत्री मिटली आणि तिचं टोक भोकात घालून फळी अलगद वर सरकवली.

आत, हातभर अंतरावर, आरामखुर्चीत मामा झोपले होते. तोंड उघडं, डोक्यावर खात्याची खाकी टोपी, मांडीवर बोका. बोकाही झोपला होता. पहिलं कोण हसलं ते मला सांगता येणार नाही, पण सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो हे मला माहीत आहे. मामा जागे झाले. त्यांच्यासमोर वीतभर भोक होतं आणि त्यात आळीपाळीनं अकरा तोंडं येत होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मामा पहिल्यांदाच आत होते आणि जग बाहेरून बघत होतं. ते उठून भोकापाशी आले, मास्तरांच्या छत्रीचं टोक धरलं, छत्री आत ओढून घेतली आणि फळी लावली.

एक रात्र गेली. सकाळी मला बोलावणं आलं. मामांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मास्तरांना सांगा, दोन वर्षं अबोला. येत्या गणपतीच्या पुढच्या गणपतीला सुटका. छत्री मुद्देमाल म्हणून जमा."

"आणि मला?"

"तुम्हांला सहा दिवस. हसताना तुम्ही डोळे मिटले होते, म्हणून कमी."

मी पाखाडी ओलांडून निरोप दिला. मास्तर बागेत फुलं काढत होते. "मला शिक्षा देणारा हा कोण?" ते म्हणाले. "मी ती मानतच नाही. त्याला सांग, तू बोलत नाहीस म्हणून मी गप्प नाही. हा माझा स्वतंत्र अबोला आहे."

अशा रीतीनं त्या पाखाडीवर एकाऐवजी दोन अबोले राहायला आले. गंमत अशी, की आत झोपलेले मामा अकरा जणांनी पाहिले आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीला ते कळलं, तरी त्या फळीपुढे माणसांचे आवाज खालीच येत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात आंब्यालाही कुणी हात लावला नाही. मी मामांना म्हटलं, "तुमचं म्हणणं खरं ठरलं हो. तुमची गरजच नाही." पण मामांना या विजयाचा मुळीच आनंद झाला नाही. तो सांगायचा ज्याला, तो शिक्षा भोगत होता.

आणि ही शिक्षा मामांनी अगदी नियमानं चालवली. कैद्याचं जेवण तोडता येत नाही, म्हणून मामींच्या हातची घावनं, आमटी, मासळी झाकलेल्या ताटातून रोज समोर जात राहिली. फक्त ताटाबरोबर शब्द जायचा नाही. संक्रांतीला मामींना सूचना होती, की 'तिळगूळ घ्या' एवढंच म्हणायचं, पुढचं म्हणायचं नाही. रोज पाच वाजता दोघे गडग्यावर येत, पाठीला पाठ लावून बसत, एक खाडीकडे बघे, दुसरा डोंगराकडे, आणि दिवेलागणीला उठून जात. मधे मी. तुरुंगात भेटीला मुलाकात म्हणतात. मला आठवड्यातून एकदा मुलाकात मंजूर होती. मास्तरांनी नवी छत्री घेतली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. पुढच्या पावसाळ्यात निम्म्या रत्नागिरीला गणित शिकवलेला माणूस शेतकऱ्यासारखं इरलं घेऊन बाजारात जाताना लोकांनी पाहिला. मामा ते बघत आणि कोपऱ्यातल्या छत्रीवरची धूळ पुसत.

"देऊन टाका की त्यांना," मामी म्हणायच्या.

"मुद्देमाल आहे. शिक्षा संपेपर्यंत देता येत नाही."

"एक शिक्षा भोगतोय, एक राखण करतोय, आणि दोघांची भांडी मी घासत्ये."

२००३ च्या शिमग्यानंतर एका दुपारी मामी समोरून रिकामं ताट घेऊन आल्या आणि ओसरीवरच बसल्या. मास्तरांचा मुलगा त्यांना नाशिकला नेणार होता, कायमचा. घराला कुलूप लागणार. जूनच्या पहिल्या रविवारी, एक तारखेला, सकाळी टेंपो यायचा होता. मामा जेवत होते. त्यांनी हात थांबवला आणि बोटांवर मोजायला लागले. एक जून ते गणपती. ब्याण्णव दिवस. शिक्षा संपायच्या ब्याण्णव दिवस आधी कैदी गाव सोडून जाणार होता.

तुम्ही-आम्ही असतो तर उठून समोर गेलो असतो. मामांना ते जमणारं नव्हतं. सुनावलेली शिक्षा सुनावणाऱ्यालाच मोडता आली तर ती शिक्षा कसली, ती लहर झाली. मार्ग एकच होता, माफीचा. पण दीड वर्षात मास्तरांच्या नावे माफीचा एक दिवस जमा नव्हता, कारण जो शिक्षाच मानत नाही त्याची चांगली वर्तणूक तरी कशी धरायची. आता मामांनी ती धरायचं ठरवलं. हातात बहात्तर दिवस होते आणि ब्याण्णव दिवसांची माफी गोळा करायची होती. म्हणजे मास्तरांनी रोज सव्वा दिवस चांगलं वागणं भाग होतं.

आणि मामा फळीमागे बसले. या वेळी जागे. दुपारची झोप त्यांनी सोडली, खुर्ची काढून स्टूल घेतलं, फळी दोन बोटं उघडी ठेवली आणि समोरच्या घरावर नजर लावली. मी जाईन तेव्हा मला अहवाल मिळे. मास्तरांनी पायरीवरचा काटा उचलून बाजूला टाकला, एक दिवस. मासळीवालीच्या डोक्यावर पाटी चढवायला हात दिला, दोन दिवस, कारण पाटी जड होती. "आज शिंकताना रुमाल धरलान्," एकदा मामा म्हणाले, "अर्धा दिवस दिला."

"शिंकेला सुद्धा?"

"जावई, चूक शोधणं सोपं असतं हो. सगळी नोकरी तेच केलं, आणि झोपेत केलं. चांगलं शोधायचं तर डोळा उघडा ठेवावा लागतो. फार दमायला होतं."

इथे माझ्या हातून चूक झाली. चूक म्हणजे काय, तोंडाला खाज. मुलाकातीत मी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं की ते विरघळतील. ते ताडकन उठले. "मला चांगल्या वर्तणुकीचा दाखला देणार? हा? अरे चाळीस वर्षं मी ते दाखले लिहिलेत." आणि दुसऱ्या दिवसापासून सत्तरीतल्या त्या सज्जन माणसानं वाईट वागायला सुरुवात केली. पहाटे उठून मामांच्या भिंतीकडे तोंड करून, मुळीच सूर नसलेल्या आवाजात भूपाळ्या म्हणायला लागले. आंबे खाऊन कोयी मामांच्या कौलांवर फेकायला लागले. आपली ओली लुंगी आणून बरोबर भोकासमोर वाळत टाकली.

मी धास्तावून मामांकडे गेलो. वाटलं, आता उलट दिवस वाढणार. मामा स्टुलावर बसून लुंगीकडे बघत होते.

"कपडे स्वतः धुतो," ते म्हणाले. "या वयात. एक दिवस."

"आणि त्या भूपाळ्या?"

"सूर नाही, पण देवाचं नाव आहे. पहाटे उठतो. एक दिवस."

"कोयी?"

मामांनी जरा विचार केला. "नेम चांगला आहे," ते म्हणाले. "अर्धा."

मास्तर जितके वाईट वागत तितकी त्यांची माफी वाढत गेली. मीही नंतर सांगायचं बंद केलं. मास्तरांचं काय बिघडतंय ते त्यांना कळेना आणि ते अधिकच जोरानं कोयी फेकू लागले. तरीही मेचा शेवटचा शनिवार आला तेव्हा मामांची बेरीज एक्याऐंशीवर अडकली होती. अकरा दिवस कमी. समोर सामान बांधलं जात होतं. मास्तर दिवसभर घरातच होते, दिसत नव्हते, आणि दिसल्याशिवाय माफी देता येत नव्हती. संध्याकाळी पाचला मामा गडग्यावर जाऊन बसले. मास्तर आले नाहीत. दोन वर्षांत प्रथमच मामांच्या पाठीला पाठ नव्हती. मी बाजूला उभा होतो. मामा दिवेलागणी व्हायच्या आधीच उठून घरात आले.

"द्या ना अकरा दिवस तुमच्याकडचे," मी म्हटलं.

"मला अधिकार नाही. विशेष माफी असते, पण ती सुभेदार देत नाही. ती सरकार देतं."

मामी चुलीपाशी घावनाचं पीठ कालवत होत्या. त्यांनी हात धुतला, पदराला पुसला आणि बाहेर आल्या.

"या घरात सरकार कोण?" त्यांनी विचारलं.

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

"दिले," मामी म्हणाल्या. "अकरा नव्हे, बारा. एक माझ्याकडून भांड्यांचा." आणि परत पीठ कालवायला गेल्या.

तरीसुद्धा मामा लगेच समोर गेले नाहीत. सुटका सकाळी गिनतीनंतरच होते. रविवारी सकाळी टेंपो पाखाडीच्या खाली येऊन उभा राहिला, मुलगा सामान उतरवत होता, आणि मामा इस्त्रीचा सदरा घालून, खाकी टोपी डोक्यावर ठेवून, हातात छत्री घेऊन पाखाडी ओलांडून मास्तरांच्या दारात गेले. मी मागे. मास्तर ओट्यावर बसले होते, चपला घालून, आता उठायचंय, पण उठलेले नाहीत असे. मामांनी पहिल्यांदा बोटानं मोजलं, "एक." मग घसा साफ केला.

"मास्तर, सुटलात."

मास्तरांनी मान वर केली. "मी आत कधी होतो, सुभेदार?" ते म्हणाले. "दार तुमचं बंद होतं."

मामांनी मान हलवली. हे त्यांनी मान्य केलं की नुसतं ऐकलं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी छत्री पुढे केली. तिचं कापड नवं होतं. मुद्देमाल मधल्या काळात दुरुस्त करून आणलेला होता. मास्तरांनी ती उघडली, मिटली, टोक बघितलं. मग मामा, आयुष्यात पहिल्यांदा, दिवस न मोजता, हळूच म्हणाले, "माफ करा हं मास्तर."

मास्तरांनी छत्री काखेत धरली. चष्म्यावरून मामांकडे पाहिलं. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

टेंपोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तरी ते दोघे ओट्यावर बसून वाद घालत होते. दोन वर्षांचं साठलेलं होतं. छडी बरी की भोक बरं, हे त्या दिवशीही ठरलं नाही. टेंपो पुलावर दिसेनासा होईपर्यंत मामा पाखाडीच्या कडेला उभे होते. मग घरी आले आणि फळी काढून टाकायला सुतार बोलवा म्हणाले. मामींनी बोलवू दिला नाही. "राहू दे ती. वारा येतो," असं म्हणून त्यांनी ती वर सरकवून खिळ्यात अडकवली. तेव्हापासून ती उघडीच आहे. त्या वर्षी आंबे गेले थोडे; माणसं जाता जाता भोकातून आत डोकावून मामांना सांगून नेत.

पंधरा दिवसांनी नाशिकहून कार्ड आलं. त्यात मास्तरांनी बारीक अक्षरात आपले गुन्हे लिहिले होते. रस्ता चुकीच्या जागी ओलांडला. सुनेनं लपवलेलं लोणचं शोधून खाल्लं. देवळात एकाला, तो गणितात चुकला म्हणून, सर्वांसमोर बोललो. खाली लिहिलं होतं, शिक्षा कळवावी. मामांनी एक रात्र जाऊ दिली आणि सकाळी चहा झाल्यावर उत्तर लिहिलं. लोणच्याला चार दिवस, रस्त्याला दोन, गणिताबद्दल निर्दोष. मग दर महिन्याला हे चालू झालं. मास्तर तिकडे जाऊन इतके वाईट वागायला लागले की मामांना दिवस पुरेनात. प्रत्येक शिक्षेपुढे मामा सुटकेची तारीख घालत आणि त्या तारखेला समोरच्या बंद दाराकडे बघून स्वतःशीच म्हणत, "सुटलात."

तीन-चार वर्षं अशी गेली. मग मास्तरांचं अक्षर वाकडं व्हायला लागलं, गुन्हे कमी झाले. एका कार्डात त्यांनी लिहिलं, आता गुन्हा करायला जिना उतरावा लागतो आणि तो जमत नाही. मामा ते कार्ड दोन दिवस घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर मला टाकायला दिलं. पत्त्याखाली दोनच ओळी होत्या. 'गुन्हा न करणे हा गुन्हा. शिक्षा रत्नागिरीस येऊन गडग्यावर भोगावी.'

मी ते दोनदा वाचलं. मग म्हटलं, "मामा, यात तारीख घालायची राहिली. केव्हापासून, केव्हापर्यंत?"

मामा फळीच्या भोकातून समोर बघत होते. पाच वाजायला आले होते. गडगा रिकामा होता, आणि त्यांना उठून जायचं होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "तसंच टाका."